पाहिलं कोणी, लिहिलं कधी?

सूर्याच्या हिशोबाने नागासाकी आणि तारापूर यांच्यात पावणेचार तासांहून थोडं जास्त अंतर पडतं. ५ फेब्रुवारी १५९७, बुधवार. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सकाळी दहाच्या सुमारास सव्वीस माणसं क्रुसावर चढवली गेली, तेव्हा तारापूर, केळवे-माहीम, आगाशी, वसई या सगळ्या पट्ट्यात अजून सूर्य उगवायचा होता. हा किनारा त्या वेळी पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि त्या सव्विसांतला एक जण इथलाच होता. गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, साधारण १५५६-५७ सालचा. बाप पोर्तुगीज, आई इथली. मरतेवेळी वय चाळिशीचं.

आज हा सगळा टापू पालघर जिल्ह्यात येतो. बोईसरहून लोकलने वसई रोडला यायला तासा-सव्वातासाचा प्रवास. वसईत पिढ्यानपिढ्यांचे मराठी ख्रिस्ती, तर बोईसर-तारापूरकडे कारखान्यांच्या निमित्ताने देशभरातून आलेली ख्रिस्ती कुटुंबं. ईस्टरच्या सुमाराला एक युक्तिवाद दोन्हीकडे हमखास कानावर येतो. येशू खरोखर उठला नसता तर त्याच्यासाठी माणसं मेली असती का? खोट्यासाठी कोणी जीव देतं का? बोलणारा वसईकडचा असला की पुढचं वाक्य ठरलेलं: आपला गोन्सालोच बघा ना!

तर बघू या. बोईसरच्या कारखान्यांत पाळी बदलताना लॉगबुक भरतात. काय घडलं, किती वाजता, पाहिलं कोणी, सही कोणाची. गोन्सालोचे अखेरचे दिवस आणि तास तसेच क्रमाने मांडू आणि प्रत्येक नोंदीला हेच प्रश्न विचारू.

साडेतीन महिने आधी : ऑक्टोबर १५९६, तोसाचा किनारा

मनिलाहून मेक्सिकोतल्या आकापुल्कोकडे निघालेलं ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत वादळांनी पार मोडकळीस आलं आणि जपानच्या तोसा प्रांतात उरादोपाशी किनाऱ्याला लागून रुतलं. माल प्रचंड मोलाचा. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने तो जप्त केला. पुढची गोष्ट प्रसिद्ध आहे. जहाजाच्या सुकाणूवाल्याने स्पेनच्या साम्राज्याचा नकाशा दाखवून बढाई मारली, की आमचे धर्मगुरू आधी जातात आणि सैन्य मागून येतं. हे हिदेयोशीच्या कानावर गेलं आणि त्याचं डोकं फिरलं.

पण हे वाक्य तो बोलला का? इथेच लॉगबुकात पहिली खाडाखोड दिसते. जपानात तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरूंचे दोन गट होते. पोर्तुगिजांच्या आश्रयाने आधी आलेले जेज्विट आणि स्पॅनिश मनिलाहून नंतर आलेले फ्रान्सिस्कन. दोघांचं जमत नव्हतं. जेज्विट म्हणत, १५८७ पासून धर्मप्रसाराला बंदी असताना फ्रान्सिस्कनांनी राजधानीत उघड मिस्सा करून आफत ओढवून घेतली, आणि भरीला त्या सुकाणूवाल्याची जीभ. फ्रान्सिस्कन म्हणत, आमच्याविरुद्ध कान भरले गेले. दोन्ही बाजूंनी कागद रंगवले. कारणाविषयी त्यांचं एकमत कधीच झालं नाही.

साक्ष तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही भांडणं म्हणजे घबाड आहे, कारण एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन पक्ष पुढच्या घटनांबद्दल मात्र एकच सांगतात.

गोन्सालोचं आयुष्य या दोन गटांच्या मधून गेलेलं होतं. वसईच्या किल्ल्यातल्या जेज्विटांच्या शाळेत तो शिकला. पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला, झपाट्याने जपानी शिकला आणि आठेक वर्षं गावोगाव धर्मशिक्षण देत राहिला. त्याला जेज्विट व्हायचं होतं. त्यांनी त्याला घेतलं नाही. मग त्याने व्यापार केला, त्यात बस्तान बसवलं, शेवटी ते सोडून मनिलात फ्रान्सिस्कनांकडे बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता हे फ्रान्सिस्कन मनिलाच्या गव्हर्नरचे वकील म्हणून हिदेयोशीला भेटले, तेव्हा दुभाषा होता गोन्सालो. वसईचा हा माणूस जपानच्या सर्वसत्ताधीशाशी त्याच्याच भाषेत बोलला होता. संतचरित्रं त्याच्या मरणाकडे धाव घेतात आणि हा भाग दोन ओळींत उरकतात. मला तो मरणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. भोळा, कोणीही भरीस घालावा असा हा माणूस नव्हता. बाजार पाहिलेला, दरबार पाहिलेला होता.

५९ दिवस आधी : ८ डिसेंबर १५९६, क्योटो आणि ओसाका

फ्रान्सिस्कनांच्या मठांभोवती पहारे बसले. आत कोण आहे, कोण येतं-जातं, याच्या याद्या सुरू झाल्या. यादीत शेवटी सहा फ्रान्सिस्कन राहिले. तीन जपानी जेज्विट त्यात सापडले, त्यांतला पाउलो मिकी उत्तम वक्ता. बाकीचे जपानी संसारी ख्रिस्ती होते: सुतार, स्वयंपाकी, रुग्णालयातले मदतनीस आणि तीन पोरसवदा मुलं.

यादी करणाऱ्यांना मथियास नावाचा एक जण हवा होता. तो सापडेना. शेजारी राहणारा दुसराच एक मथियास पुढे झाला आणि म्हणाला, मीही ख्रिस्ती आहे, नावही तेच आहे. त्याला बांधलं. हा प्रसंग वृत्तांतांत येतो.

३३ दिवस आधी : ३ जानेवारी १५९७, क्योटो

हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता. अंमलबजावणी करणाऱ्या इशिदा मित्सुनारीने तो सौम्य केला. चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि गाड्यांत बसवून शहरभर फिरवलं. मग ओसाका, साकाई आणि तिथून ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटरची वरात. नागासाकीच का? तिथे ख्रिस्ती वस्ती सर्वांत दाट होती आणि दहशत तिथेच बसवायची होती. वाटेत कैद्यांची देखभाल करायला मागे मागे येणारे दोघेही पकडले गेले. चोवीसचे सव्वीस झाले.

बरोबर एक फलक चालला होता. त्यावर हिदेयोशीचा निवाडा होता. ही माणसं फिलिपाइन्सहून वकील म्हणून आली, राजधानीत राहिली आणि मी मनाई केलेला धर्म शिकवत राहिली, म्हणून त्यांना क्रुसावर द्यावं, असा त्याचा आशय.

आरोप नीट पाहा. येशू मेलेल्यांतून उठला असं म्हणणं हा गुन्हा त्यात नाही. गुन्हा आहे हुकूम मोडण्याचा. कारभाऱ्यांना पुनरुत्थानाशी काही देणंघेणं नव्हतं. ‘पुनरुत्थानासाठी मेले’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा मधल्या दोन-तीन पायऱ्या गाळलेल्या असतात. पहिल्या शतकातल्या प्रेषितांबद्दल बोलतानाही हेच होतं. जब्दीचा मुलगा याकोब हेरोद अग्रिप्पाच्या तलवारीने मेला असं ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगतं, कारण सांगत नाही. येशूचा भाऊ याकोब इ. स. ६२ मध्ये दगडमार होऊन मेला, हे जोसीफस हा यहुदी इतिहासकार नोंदवतो. तिथे आरोप नियमशास्त्र मोडल्याचा. पेत्र आणि पौल यांच्या मरणाचा उल्लेख पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेल्या एका पत्रात आहे. उरलेल्या बहुतेक प्रेषितांच्या मरणकथा पुष्कळ उशिरा लिहिलेल्या आहेत आणि त्यांत आख्यायिका किती हे वेगळं काढणं कठीण आहे. बाराही जण पुनरुत्थानाची साक्ष देत मेले, हे वाक्य व्यासपीठावरून छान वाटतं, पण त्यातल्या दोघा-तिघांसाठीच कागद दाखवता येतो.

आदली संध्याकाळ : ४ फेब्रुवारी, ओमुराचा उपसागर

सोनोगीपाशी कैद्यांना होड्यांत घातलं आणि उपसागर ओलांडून तोगित्सुकडे नेलं. दिवसभराची चाल झालेली, दोर बांधलेले.

मध्यरात्रीच्या सुमारास : तोगित्सु

होड्या लागल्या, पण कैद्यांना उतरवलं नाही. रात्र होड्यांतच काढायची होती. फेब्रुवारीतली थंडी, कापलेले कान चिघळलेले. वसईत त्या वेळी रात्रीचे आठ वाजून गेले होते.

आता या माणसाच्या डोक्यात शिरून काही लिहिणं मला जमणार नाही आणि जमलं तरी ते खोटं असेल. एक प्रश्न मात्र बाहेरून विचारता येतो. येशू तिसऱ्या दिवशी उठला, हे गोन्सालोला कशावरून माहीत होतं? वसईच्या किल्ल्यात त्याला शिकवणाऱ्या जेज्विटांकडून. त्यांना त्यांच्या गुरूंकडून. अशी पंधरा शतकांची साखळी मागे मागे नेली तर ती जिथे पहिल्यांदा कागदावर उमटते ती जागा म्हणजे पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय. हे पत्र इ. स. ५४-५५ च्या सुमारास एफिसहून लिहिलं गेलं, घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांनी. पौल तिथे स्पष्ट करतो, की हे मी रचलेलं नाही, मला मिळालं तसं तुम्हांला दिलं. मग यादी देतो. आधी केफा म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग एका वेळी पाचशेंहून अधिक, मग याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी मी स्वतः. पाचशेंपैकी बरेच अजून हयात आहेत, असंही तो सांगतो. विचारून या, असाच त्याचा सूर आहे.

हे सूत्र पौलाच्या पत्राहून जुनं आहे, येशूच्या मरणानंतर थोड्याच वर्षांत ते ठरीव रूपात म्हटलं जाऊ लागलं होतं, हे श्रद्धा न ठेवणारे अभ्यासकही बहुतांशी मान्य करतात. म्हणजे पुनरुत्थानाची कथा शतकभराने कोणी रचून घातली, हा आक्षेप टिकत नाही. दावा अगदी सुरुवातीचा आहे. दावा सुरुवातीचा आणि दावा खरा, यांच्यामध्ये मात्र अजून एक दरी राहते.

पहाट : ५ फेब्रुवारी, तोगित्सु ते उराकामी

चालायला सुरुवात झाली. निशिझाकापर्यंत सुमारे बारा किलोमीटर. उराकामीला कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयापाशी थोडा थांबा मिळाला. तिथे नागासाकीहून आलेल्या जेज्विटांनी आपल्या तिघा जपान्यांपैकी अजून उमेदवारच असलेल्या दोघांच्या व्रतशपथा घेतल्या. एक विशीच्या आतला, दुसरा साठीच्या पुढचा. ज्या संघाने गोन्सालोला घेतलं नव्हतं, त्या संघात हे दोघे मरणाच्या काही तास आधी दाखल झाले. गोन्सालो जवळच उभा असणार.

अंमलबजावणी तेराझावा हाझाबुरोकडे होती. तो पाउलो मिकीला ओळखत होता आणि त्याला हे काम जड जात होतं. बारा वर्षांच्या लुईस इबाराकीला त्याने सुचवलं, की धर्म सोड, मी तुला वाचवतो. मुलगा नाही म्हणाला. इथे युक्तिवादाला खरा आधार आहे. निदान या मुलासाठी तरी सुटकेचं दार उघडं होतं आणि त्याने ते नाकारलं. मात्र त्यातून सिद्ध होते त्याची निष्ठा. लुईसचा विश्वास पक्का होता, याहून भक्कम पुरावा कोणी मागू नये. त्याचा विश्वास ज्या घटनेवर होता तिचा पुरावा लुईसजवळ नव्हता आणि गोन्सालोजवळही नव्हता. दोघेही ऐकून विश्वास ठेवणारे होते.

सकाळी साडेनऊ ते दहा : निशिझाका

आधी ठरलेली जागा नेहमीच्या गुन्हेगारांना मारण्याची होती. नागासाकीच्या पोर्तुगिजांनी रदबदली केली, तेव्हा रस्त्यापलीकडच्या उतारावरचं गव्हाचं शेत मुक्रर झालं. सव्वीस क्रूस एका ओळीत, तीन-चार पावलांवर एकेक, अजून आडवे पडलेले. जमाव हजारोंचा.

पोचणाऱ्यांत गोन्सालो पहिला, असं वृत्तांत सांगतात. तो तडक एका क्रुसाकडे गेला आणि हा माझा का म्हणून विचारलं. नाही, म्हटल्यावर त्याला दुसऱ्याकडे नेलं. तिथे त्याने गुडघे टेकले आणि क्रूस कवटाळला.

जपानी क्रूस रोमन क्रुसाहून वेगळा. खिळे नाहीत. मनगटं, घोटे आणि मान लोखंडी कड्यांत अडकवायची, मध्ये टेकायला एक खुंटी, पायांखाली आडवी फळी. मग क्रूस एकदम उचलून खड्ड्यात उभा करायचा. पाउलो मिकीने क्रुसावरूनच जमावाला उद्देशून भाषण केलं: मी जपानी आहे, ख्रिस्ताची शिकवण दिली म्हणून मला मारत आहेत, मारणाऱ्यांना मी क्षमा करतो.

दहानंतर

फेलिपे दे जेसुस या मेक्सिकन फ्रान्सिस्कनाचा टेकू बरोबर बसला नव्हता. मानेच्या कड्याने त्याचा श्वास कोंडू लागला, म्हणून पहिले भाले त्याला. पद्धत अशी, की दोघांनी दोन्ही बाजूंनी भाला बरगड्यांखालून वर खांद्याकडे घुसवायचा. बहुतेकांना एवढं पुरे झालं. ओळीने एकेक होत गेलं. पेद्रो बाउतिस्तांवर पाळी सर्वांत शेवटी आली.

गोन्सालो किती वाजता मेला, मिनिटाने सांगता येत नाही. येशूचीही वेळ अशीच निसटते. मार्क म्हणतो, तिसऱ्या तासाला क्रुसावर दिलं, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास. योहानाच्या वृत्तांतात सहाव्या तासाच्या सुमारास, म्हणजे दुपारी, रोमन सुभेदार पिलात अजून निवाडाच करतो आहे. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. ते जुळवण्यासाठी भाष्यकारांनी पुष्कळ कसरती केल्या आहेत. मला त्यांची गरज वाटत नाही. तासाविषयी मतभेद असले तरी क्रुसाविषयी एकमत आहे आणि पिलाताच्या अमलात येशूला देहदंड झाला, हे रोमन इतिहासकार टॅसिटसही नोंदवतो. पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरिया इथे सापडला. येशू पिलाताच्या अमलात क्रुसावर मेला, याबद्दल आज गंभीर अभ्यासकांत वाद नाही. वाद सुरू होतो तो संध्याकाळपासून.

दुपार आणि संध्याकाळ

टेकडीवर पहारा बसला. हिदेयोशीचा हुकूम होता, की देह खाली उतरवायचे नाहीत. लोक तरीही आत घुसले. रक्तात कापडं भिजवून नेली, कपड्यांचे तुकडे नेले.

देह टांगून ठेवणं हा शिक्षेचाच भाग होता. रोमनांचंही असंच. क्रुसावर दिलेल्याचं प्रेत बहुधा तिथेच गिधाडांना सोडत. म्हणून काही अभ्यासक विचारतात, येशूचा देह दफनासाठी अरिमथाईकर योसेफाला मिळालाच कशावरून? रिकाम्या कबरेची गोष्ट करायची तर आधी कबर हवी. याचं थेट उत्तर नाही, पण एक हाड आहे. १९६८ मध्ये यरुशलेमजवळ पहिल्या शतकातल्या एका कुटुंबाच्या कबरीत योहानान नावाच्या माणसाची अस्थिपेटी सापडली आणि त्याच्या टाचेच्या हाडात खिळा तसाच अडकलेला होता. क्रुसावर दिलेल्या निदान एका माणसाचा देह घरच्यांना मिळाला होता आणि त्याचं रीतसर दफन झालं होतं. येशूच्या बाबतीत तसंच झालं हे यावरून ठरत नाही, पण होणं अशक्य होतं असं आता कोणी म्हणू शकत नाही.

तिसरा दिवस : शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सव्वीस देह जागच्या जागी होते. कोणी उठलं नाही. कोणी उठेल अशी अपेक्षाही टेकडीखालच्या ख्रिस्ती माणसांनी केली नाही.

या नोंदीपाशी थांबायला हवं. वार्ता पुष्कळ उठल्या. देह कुजत नाहीत, पक्षी शिवत नाहीत, रात्री टेकडीवर उजेड दिसतो. पेद्रो बाउतिस्ता नेहमीसारखी मिस्सा करताना दिसले, असं सांगणारेही निघाले. त्यातल्या काही गोष्टी पुढे संतपदाच्या चौकशीत शपथेवर सांगितल्या गेल्या. लाडकं माणूस भयंकर रीतीने गेलं की ते दिसल्याचा अनुभव येतो, हे आपल्याकडच्याही कुठल्याही गावात ऐकायला मिळतं. जर्मन अभ्यासक गेर्ड लूडेमान यांचं म्हणणं हेच, की पेत्राला दुःखाच्या आणि अपराधीपणाच्या भरात येशू दिसला आणि तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

पण नागासाकीचे लोक पेद्रो बाउतिस्ता दिसले असं म्हणाले. ते मेलेल्यांतून उठले असं म्हणाले नाहीत. दर्शनं झाली, पुनरुत्थानाचा दावा झाला नाही. इंग्लंडचे अभ्यासक-धर्मगुरू एन. टी. राइट यांच्या युक्तिवादाचा गाभा इथे चपखल बसतो. माणूस दिसला एवढ्यावरून पहिल्या शतकातला यहुदी ‘तो उठला’ म्हणणार नाही, ‘त्याचा आत्मा देवापाशी आहे’ म्हणेल. ‘उठला’ म्हणायला दर्शनाच्या जोडीला कबर रिकामी सापडायला हवी.

लूडेमानच्या बाजूनेही उत्तर देता येतं. नागासाकीच्या ख्रिस्ती लोकांकडे तयार चौकट होती: पुनरुत्थान एकदा झालं आहे, बाकीच्यांचं अंतिम दिवशी होणार. म्हणून त्यांना नव्या दाव्याची गरजच नव्हती. पहिल्या शिष्यांची चौकट मोडून पडलेली होती आणि मोडलेल्या चौकटीतून माणसं काहीही नवं घडवतात. हे उत्तर मी हलकं मानत नाही. तरी माझा कल राइटकडे थोडा अधिक झुकतो आणि त्याला कारण आहेत त्या बायका.

चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरीपाशी पहिल्यांदा पोचतात त्या स्त्रिया. किती, कोणत्या, तिथे देवदूत एक की दोन, यावर मतभेद आहेत. पण स्त्रियाच, यावर नाहीत. त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरत नसत, असं जोसीफस सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात तर प्रेषितांनाही त्यांचं बोलणं बरळल्यासारखं वाटतं. दुसऱ्या शतकातल्या सेल्सस या टीकाकाराने नेमकी त्यावरून ख्रिस्ती लोकांची टर उडवली. कथा रचायचीच होती तर पुरुष साक्षीदार घालायला कोणी अडवलं होतं? मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर गोष्ट इथेच तुटते. बायका घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. प्रचारासाठी लिहिणारा असा शेवट करत नाही. आणि प्रत्यक्ष उठण्याचा क्षण? तो चौघांपैकी एकानेही वर्णन केलेला नाही. पाहिलं कोणी, या रकान्यात त्यांनी खोटं नाव घातलं नाही, जागा कोरी ठेवली.

३८ दिवसांनी : १५ मार्च १५९७, नागासाकी

लुईस फ्रोइस हा वयोवृद्ध जेज्विट, जपानात तीसहून अधिक वर्षं काढलेला, सव्वीस जणांच्या मरणाचा सविस्तर अहवाल लिहून पुरा करतो. चारेक महिन्यांत तो स्वतःही जातो. मार्सेलो दे रिबादेनेइरा या फ्रान्सिस्कनाला त्या दिवशी नागासाकीच्या बंदरात पोर्तुगीज जहाजावर अडकवून ठेवलेलं होतं. त्याचं पुस्तक १६०१ मध्ये बार्सिलोनात छापलं गेलं. एक जेज्विट, एक फ्रान्सिस्कन. दोघांची तोंडं दोन दिशांना, तरी टेकडी तीच, क्रूस तेवढेच, वसईचा गोन्सालो दोघांकडेही.

पुराव्याच्या तराजूत गोन्सालोचं मरण येशूच्या पुनरुत्थानापेक्षा कितीतरी जड आहे: अडतीस दिवसांतला अहवाल, विरोधी गटाचा दुजोरा, हजारोंनी पाहिलेलं. पुनरुत्थानाचा पहिला कागद वीस-पंचवीस वर्षांनंतरचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घटनांच्या मानाने हे अंतर फार नाही, अलेक्झांडरची हाती असलेली चरित्रं त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी आणि त्याहूनही पुढे लिहिली गेली. पण माणूस मेला, या दाव्याला जेवढा पुरावा लागतो तेवढा मेलेला माणूस उठला, या दाव्याला पुरत नाही. हे मान्य करण्यात श्रद्धावंताला कमीपणा वाटायचं कारण नाही. बोटं खिळ्यांच्या खुणांत घातल्याशिवाय मी मानणार नाही, असं म्हणणाऱ्या थोमाला शुभवर्तमानातून कोणी काढून टाकलेलं नाही.

६० दिवसांनी : रविवार, ६ एप्रिल १५९७

त्या वर्षीचा ईस्टर. देह अजून क्रुसांवर होते. पुढे अस्थींचे अवशेष मनिलाला, मकावला, जगभर गेले. चौकशी झाली, १६२७ मध्ये सव्विसांना धन्यवादित आणि ८ जून १८६२ रोजी पायस नववे यांनी संत म्हणून जाहीर केलं. गोन्सालो हा भारतात जन्मलेला पहिला संत ठरला. दरम्यान त्याच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांचं राज्य संपलं होतं: जानेवारी १७३९ मध्ये तारापूर मराठ्यांनी घेतलं, मे महिन्यात वसई. १८६२ मध्ये त्याच्या शाळेचा किल्ला ओसाड पडलेला होता. आता त्याच किल्ल्यात त्याचा सण होतो.

चौकशीत रोमने काय तपासलं, तेही पाहण्यासारखं आहे. ही माणसं खरोखर मेली का, धर्माच्या द्वेषातून मारली गेली का, स्वखुशीने मरण पत्करलं का. येशू उठला याचा पुरावा म्हणून त्यांच्या मरणाकडे खुद्द चर्चनेही पाहिलेलं नाही.

पुढच्या ईस्टरला बोईसरच्या किंवा वसईच्या व्यासपीठावरून गोन्सालोचं नाव घेणार असाल तर एक विनंती. त्याने जे डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याची साक्ष त्याच्या तोंडी घालू नका. तो ऐकून विश्वास ठेवणाऱ्यांतला होता, तुमच्या समोर बाकांवर बसलेल्यांसारखाच. पुराव्याबद्दल बोलायचं असेल तर करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय उघडा आणि मग त्या बायकांबद्दल बोला, ज्यांचं नाव पौलाच्या यादीत नाही.